मोत्याचें समुद्रोल्लंघन

आमच्या पणजोबांच्या पिढींत विलायतेस जाऊन आलेल्या मनुष्याला परत आल्यावर प्रायश्चित्त घ्यावें लागे. पंचगव्य प्यावें, दक्षिणा द्यावी, आणि शास्त्रीबोवांनीं शुद्ध झाल्याचा निर्वाळा दिला म्हणजे मग पंक्तीला बसावें, असा तो क्रम होता. माणसाच्या डोक्यावरचें हें ओझें केव्हांच उतरलें. पण म्हणून प्रायश्चित्त जगांतून नाहींसें झालें असें मात्र कोणीं समजूं नये. तें माणसाकडून कुत्र्याकडे गेलें आहे, आणि परत आल्यावर घ्यावयाचें तें आतां निघण्यापूर्वींच घ्यावें लागतें, इतकाच काय तो फरक. 2023 सालीं आमच्या मोत्याला विलायतेस न्यावयाचें ठरलें, तेव्हां हें नवें धर्मशास्त्र आम्हांला अथपासून इतिपर्यंत वाचावें लागलें.

त्याचें असें झालें. आमच्या सौभाग्यवती पेशानें डॉक्टर. इंग्लंडांत यॉर्कशायर परगण्यांतील लीड्स शहरीं एका रुग्णालयांत त्यांना जागा मिळाली, आणि जावें कीं न जावें याचा खल घरांत पंधरा दिवस चालून अखेर जावयाचें ठरलें. पूर्वीं नवरे विलायतेस जात आणि बायका टपालाची वाट पाहत बसत. आमच्याकडे सौभाग्यवती पुढें गेल्या, आणि आम्ही नोकरी सोडून, कुत्र्याचे कागद पुरे होण्याची वाट पाहत, पुण्यांत मागें राहिलों. ‘वहिनी कोठें आहेत?’ असें कोणीं विचारलें कीं ‘विलायतेस’, आणि ‘मग तुम्ही येथें कां?’ असें विचारलें कीं ‘कुत्र्यासाठीं’, हें उत्तर देतांना पहिले आठ दिवस आम्हांला लाज वाटे. पुढें पुढें त्या उत्तरांत थोडी ऐटही येऊं लागली.

मोत्या कोणी खानदानी कुत्रा नव्हे. सहा वर्षांपूर्वीं ऐन आषाढांत जिन्याखालीं कुडकुडत बसलेलें एक पिल्लूं आम्हीं टॉवेलांत गुंडाळून वर आणलें, एवढीच त्याची वंशावळ. रंग विटकरी, एक कान उभा आणि दुसरा कायमचा दुमडलेला. आणला आम्हीं, नांव ठेवलें सौभाग्यवतींनीं. पण कुत्रा झाला तो नानांचा. नाना म्हणजे आमचे वडील. त्या सालीं त्यांचें वय 78. आयुष्यभर हायस्कुलांत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. पिल्लूं घरांत आलें त्या रात्रीं ‘हें ध्यान सकाळीं जेथून आणलें तेथें नेऊन ठेवा’ असा निकाल त्यांनीं दिला होता. सकाळीं पाहतों तों तें ध्यान नानांच्या उतरून ठेवलेल्या बंडीवर झोंपलेलें, आणि नाना बंडीवांचून बाहेर गॅलरींत बसलेले. आई जाऊन तेव्हां वर्षही झालें नव्हतें. निकालाची अंमलबजावणी राहिली ती राहिलीच. त्या दिवसापासून रोज पहांटे साडेपांचाला नाना आणि मोत्या वेताळ टेकडी चढत. आम्ही त्या वेळीं झोंपलेले असूं, म्हणून ही गोष्ट आम्हांला ऐकूनच ठाऊक.

आतां प्रायश्चित्ताचा विधि सांगतों. प्रथम कुत्र्याच्या मानेच्या कातडीखालीं तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवावी. तिच्यांत 15 आंकडी क्रमांक असतो, आणि तेथून पुढें सरकारदरबारीं कुत्र्याची ओळख नांवानें नसून त्या क्रमांकानें. मग रेबीजची लस. येथें आम्हांला पहिला धक्का बसला. मोत्याला आम्हीं वर्षाच्या वर्षाला न चुकतां लस दिलेली होती, आणि तिच्या नोंदींचें पुस्तक आम्हीं मोठ्या अभिमानानें पशुवैद्यांपुढें ठेवलें. त्यांनीं तें चाळलें, मिटलें, आणि हंसून सांगितलें कीं, चिप बसविण्यापूर्वीं दिलेली लस हिशेबांत धरीत नाहींत. ती याच कुत्र्याला दिली याला पुरावा काय? सहा वर्षें आमच्या घरांत वावरलेला मोत्या अशा रीतीनें कागदोपत्रीं त्या दिवशीं जन्मला. लस दिल्यावर निदान 30 दिवस थांबावें, मग रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे धाडावें. त्यांतील प्रतिद्रव्याचें प्रमाण दर मिलिलिटरला 0.5 आंतरराष्ट्रीय एककाहून कमी भरतां कामा नये. तें पुरेसें भरलें तरी निघतां येत नाहीं. रक्त काढल्या दिवसापासून 3 महिने वाट पाहावी लागते. शेवटीं, इंग्लंडच्या भूमीवर उतरण्यापूर्वीं 24 तें 120 तासांच्या दरम्यान पट्टकृमीचें औषध पशुवैद्याच्या हातून पाजावें व वेळ लिहून घ्यावी. हें पंचगव्यच, फक्त घड्याळ लावून घ्यावयाचें.

विमानांत कुत्र्यानें मालकाच्या शेजारीं बसून इंग्लंडांत उतरावें हें तेथें चालत नाहीं. मालकाचें सामान म्हणूनही चालत नाहीं. तो माल म्हणून, मालाच्या कागदांवरच आला पाहिजे. माल म्हटला कीं जकात आलीच. ती टाळावयाची तर ‘आम्ही बिऱ्हाड हालवीत आहों, कुत्रा विकावयास आणीत नाहीं’ अशा अर्थाचा निराळा अर्ज करावा लागतो. मालक आणि कुत्रा यांच्या प्रवासांत पांच दिवसांहून अधिक अंतर पडलें तरीही तो व्यापारांत धरतात. सौभाग्यवतींबरोबर आम्हीही पुढें जाऊन कुत्र्याला मागाहून बोलावून घेतलें नाहीं, याचें एक कारण हें होतें.

हा सारा खटाटोप ऐकून आमचे एक स्नेही इंग्रजांच्या नांवानें बोटें मोडूं लागले. आम्हांला तसें करवेना. त्या बेटांतून रेबीजचा रोग 1902 सालीं नाहींसा झाला होता. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, 1918 सालीं, परदेशांतून आलेल्या कुत्र्यांबरोबर तो परत शिरला, आणि त्याला पुनः हुसकून लावण्यास 1922 साल उजाडलें. ज्याचें घर एकदां जळालें तो विडी ओढणाऱ्यालाही उंबऱ्याबाहेर उभा करतो. विसाव्या शतकाचा बहुतेक काळ बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याला तेथें सहा महिने कोंडून ठेवीत. 1969 सालीं कँबर्ली गांवीं, तो सहा महिन्यांचा विलगवास पुरा करून सुटलेलें एक कुत्रें पिसाळलें, तेव्हां साऱ्या देशाची झोंप उडाली. पुढें लसी सुधारल्या, रक्ताच्या परीक्षा आल्या. 2000 सालीं कांहीं देशांतील कुत्र्यांसाठीं हा कोंडवाडा उठला, आणि 1 जानेवारी 2012 पासून, रक्त व तीन महिने यांची अट पाळली तर, आमच्यासारख्या देशांतील कुत्र्यांसाठींही. म्हणजे मोत्या बारा-तेरा वर्षें आधीं जन्मता तर त्याला सहा महिने गजांआड काढावे लागते.

नानांना यांतलें कांहींच जाचक वाटलें नाहीं. “त्यांचें बरोबर आहे,” एवढेंच ते म्हणाले. लहानपणीं त्यांना वाड्याच्या दारांत एक कुत्रें चावलें होतें. त्या काळीं मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस असे, आणि ती पोटांत, एक सोडून चौदा दिवस, टोंचीत. तीं चौदा इंजेक्शनें नाना अजून विसरलेले नाहींत. त्यांच्या बरोबरच्या एका मुलाच्या घरच्यांनीं मांत्रिकाकडे नेलें होतें, तो मुलगाही विसरलेले नाहींत. रेबीजनें जगांत जीं माणसें मरतात त्यांतलीं सुमारें एक तृतीयांश अजूनही भारतांत मरतात, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. अशा घरून येणाऱ्या पाहुण्याला दारांतच हात-पाय धुवावयास सांगितले, तर पाहुण्यानें रागावूं नये.

अशा प्रसंगीं मराठी मनुष्याच्या तोंडीं धर्मराज आल्यावांचून राहत नाहीं, आमच्याही आला. महाप्रस्थानाच्या वेळीं स्वर्गाच्या दारांत इंद्र रथ घेऊन उभा असतां युधिष्ठिर म्हणाला कीं, हा कुत्रा बरोबर येत नसेल तर मला स्वर्ग नको. ही कथा आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगूं लागलों. ‘कुत्र्याला कशाला नेतां? येथें कोणाला तरी द्या’ असें म्हणणाऱ्याचें तोंड तिनें बंद होई, आणि तिच्यांत धर्मराजाची जागा आपोआप आमच्याकडे येई हेंही कांहीं आम्हांला अप्रिय नव्हतें. एके संध्याकाळीं शेजारच्या गृहस्थांना आम्ही ती रंगवून सांगत होतों. नाना कोपऱ्यांत मोत्याच्या कानामागें खाजवीत बसले होते. शेजारी गेल्यावर, मान वर न करतां, शाळेंत मुलाची ऱ्हस्वदीर्घाची चूक सुधारावी तितक्या सहज ते म्हणाले, “धर्मराजानें इंद्रापाशीं आधीं भावांची गोष्ट काढली होती, अरे. माझे भाऊ मागें पडले आहेत, ते आणि द्रौपदी बरोबर आल्यावांचून मी येत नाहीं, असें आधीं. ते पुढें पोंचले आहेत असें इंद्रानें सांगितल्यावर मग कुत्र्याचा प्रश्न आला. महाभारत सांगावें तर क्रमानें सांगावें.”

आम्ही गप्प बसलों. नानांना विलायतेस नेण्याचा विषय घरांत निघाला नव्हता असें नाहीं. पण त्याचा अभ्यास आम्हीं मोत्याच्या कागदांइतका केला नव्हता, हें खरें. त्या रात्रीं तो केला. नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्यास नवरा, बायको आणि मुलें नेतां येतात. आईबाप त्या यादींत नाहींत. तेथें कायमचें स्थायिक झालेल्यांनाही तें सोपें नाहीं. 9 जुलै 2012 पासून असा नियम आहे कीं, म्हातारा बाप स्नान, जेवण, कपडे अशा नित्याच्या गोष्टींतही परावलंबी झाला असला पाहिजे, आणि त्याची तशी शुश्रूषा त्याच्या देशांत मिळत नाहीं किंवा परवडत नाहीं हें सिद्ध झालें पाहिजे. ज्या साली जानेवारींत त्या देशानें आमच्याकडील कुत्र्यांचा कोंडवाडा उठविला, त्याच सालीं जुलैंत आईबापांच्या दाराला ही कडी लागली. या दोहोंचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं, आणि तो जोडून कोणाला दोष देण्याचा आमचा हेतूही नाहीं. दोन वेगळ्या खात्यांनीं आपापलीं कामें केलीं एवढेंच. पण दोन्ही तारखा एकाच रात्रीं वाचावयास मिळाल्या, आणि झोंप लवकर लागली नाहीं. रोज टेकडी चढणारे नाना त्या कसोटीला कोठून उतरणार? पाहुणा म्हणून मात्र एका वेळीं सहा महिन्यांपर्यंत राहतां येतें. हें सकाळीं चहाच्या वेळीं सांगितलें तेव्हां नाना मनापासून हंसले. “म्हणजे पूर्वीं कुत्र्याला सहा महिने कोंडीत, आणि आतां माणसाला सहा महिन्यांनीं घालवून देतात. सहा महिन्यांचा हिशेब त्यांनीं मोडला नाहीं!”

विनोदानें विषय मिटला. मिटविला, असें म्हणणें अधिक बरें. आमची बहीण सांगलीस असते. ती नानांना नेण्यास तयार होती. ‘सांगलीला टेकडी नाहीं’, एवढें एकच कारण सांगून त्यांनीं तेंही मोडून काढलें.

मोत्याला आतां नानांच्या हातापेक्षां आमच्या हाताची संवय व्हावयास पाहिजे, असें पशुवैद्यांनीं सांगितलें होतें. तेव्हां आम्हीही पहांटे टेकडीवर जाऊं लागलों. पहिल्या दिवशीं नानांनीं साखळी आमच्या हातीं दिली आणि स्वतः चार पावलें मागून चालूं लागले. मोत्या दोन पावलें पुढें जाई, थांबे, मागें वळून पाही. नाना “चल, चल” म्हणत. मग तो निघे. एकाच छपराखालीं चाळीस वर्षें काढून नानांना टेकडीवर कोण कोण ओळखतें हें आम्हांला ठाऊक नव्हतें. दगडाच्या खाणीपाशीं त्यांची एक मंडळी जमे: एक निवृत्त पोस्टमास्तर, एक दूधवाला, आणि टेकडीवरचीं सात-आठ मोकाट कुत्रीं. या कुत्र्यांना नाना खिशांतून पोळीचे तुकडे देत. त्यांतील एका काळ्या लंगड्या कुत्रीला ते ‘अहो’ म्हणत. वयानें ती सर्वांत वडील, असें कारण सांगितलें. आमच्या आयुष्यांतले ते चार महिने नोकरीवांचून गेले, त्याबद्दल आम्हांला पुढें कधीं वाईट वाटलें नाहीं.

पिंजरा आला तो दिवाणखान्याच्या मध्यावर ठेवला. कुत्र्याला आंत ताठ उभें राहतां आलें पाहिजे, वळतां आलें पाहिजे आणि पाय पसरून निजतां आलें पाहिजे, असा विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम आहे. तेव्हां तो चांगला लहानशा न्हाणीघराएवढा होता. प्रवासासाठीं गुंगीचें औषध देऊं नये, कारण उंचावर रक्तदाबाचा व श्वासाचा घात होतो. त्याऐवजीं पिंजरा म्हणजेच घर, असें कुत्र्याला अगोदर वाटूं लागलें पाहिजे. (आमच्या इमारतींत एका कुटुंबाचा चपट्या नाकाचा पग आहे, तसल्या कुत्र्यांना श्वासाचें भय अधिक, म्हणून पुष्कळ कंपन्या त्यांना घेतच नाहींत. नाकामुळें स्वर्ग हुकणें हें मात्र कोणत्याही पुराणांत नाहीं.) मोत्या पिंजऱ्याकडे फिरकेना. बिस्किटें झालीं, उकडलेलीं अंडीं झालीं. तिसऱ्या दिवशीं नानांनीं आपली अंगांतली बंडी काढून आंत पसरली, पिंजऱ्याच्या दाराशीं खुर्ची ओढली, आणि वर्तमानपत्र मोठ्यानें वाचावयास आरंभ केला. अग्रलेख संपण्यापूर्वीं मोत्या आंत झोंपला होता. त्यानंतर रोज दुपारीं हा पाठ चाले.

रक्ताचा निकाल आला: 3.4. पाहिजे होतें 0.5. आम्ही कागद नाचवीत नानांच्या खोलींत गेलों. निघावयास आतां थोडेच आठवडे उरले होते. तो कागद हातांत असतांना, पाहुण्यानें वहाणा चढविल्यावर ‘जेवूनच जा ना’ म्हणावें तशा स्वरांत आम्हीं म्हटलें, “नाना, तुमच्या मनांत असेल तर मोत्याला येथेंच ठेवूं.” हें आम्हीं पहिल्या दिवशीं विचारावयास पाहिजे होतें, चिप बसविण्यापूर्वीं. नानांनीं चष्मा काढला, पुसला, पुनः घातला.

“मी 78. हा 6,” ते म्हणाले. “याचीं आणखी सहा-सात वर्षें धरावयास हरकत नाहीं. हिशेब तुझा विषय. कर.”

आम्ही पेशानें हिशेबनीस. आयुष्यांत इतकी सोपी वजाबाकी आम्हांला कोणी घातली नव्हती, आणि उत्तर तोंडानें सांगवलें नाहीं. नाना पुनः पुस्तकाकडे वळले. तेव्हां कोठें आमच्या ध्यानांत आलें कीं, मोत्याला आम्ही नेत नव्हतों. नाना त्याला धाडीत होते. आमचा धर्मराज त्या खोलीच्या उंबऱ्यावरच राहिला.

निघण्याचा दिवस लांबवून सांगण्यासारखा नाहीं. पट्टकृमीचें औषध पाजलें, वेळ लिहिली, मुंबईच्या विलगीकरण कार्यालयाचा दाखला घेतला. नाना मुंबईस आले नाहींत. फाटकापर्यंतही आले नाहींत. सकाळची टेकडी तेवढी तिघांनीं बरोबर केली, आणि उतरतांना साखळी नानांनीं आपल्या हातीं घेतली. पिंजरा टेंपोंत चढला तेव्हां ते वर गॅलरींत उभे होते, आणि अंगांत बंडी नव्हती. मालाच्या दाराशीं मोत्याला सोंपवितांना तो ओरडेल, दारावर पंजे मारील, अशी आम्हीं मनाची तयारी केली होती. त्यानें नुसतें बंडीवर तोंड ठेवलें आणि आमच्याकडे पाहिलें. ओरडता तर सोसणें सोपें होतें.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर आलेल्या जनावरांसाठीं एक निराळें ठाणें आहे. तें लंडन शहराचें महामंडळ चालवितें. तेथें चिपचा क्रमांक वाचतात, रक्ताचा कागद पाहतात, कृमीच्या औषधाची वेळ मोजतात. कांहीं तासांनीं एका तरुण मुलीनें मोत्याला बाहेर आणलें आणि ‘फार सभ्य गृहस्थ आहे’ असें प्रशस्तिपत्र दिलें. प्रायश्चित्त पावन झालें.

लीड्सला येऊन मोत्याला आतां पुष्कळ महिने झाले. राउंडहे नांवाचें प्रशस्त उद्यान आहे, तेथें आम्ही त्याला नेतों. हिंवाळ्यांत सकाळीं आठ वाजेपर्यंत अंधार असतो, त्याचें त्याला कांहीं वाटत नाहीं. पहांटे साडेपांचाला तो दाराशीं जाऊन बसतो तो बसतोच. आगगाडींत त्याला तिकीट लागत नाहीं, आणि चहाच्या दुकानांत आमच्याआधीं त्याच्यापुढें पाण्याचें भांडें येतें. एका गोष्टीचा मात्र त्याला अजून उलगडा झालेला दिसत नाहीं. येथें रस्त्यावर एकही मोकळें कुत्रें नाहीं. जें कुत्रें दिसतें त्याच्या दुसऱ्या टोंकाला एक मनुष्य बांधलेला असतो, आणि दोन कुत्र्यांची ओळख होण्यापूर्वीं त्या दोन मनुष्यांना हवेविषयीं बोलावें लागतें. टेकडीवरच्या सभेंत वाढलेल्या मोत्याला हा शिष्टाचार कंटाळवाणा वाटतो. तो अदबीनें खालीं बसतो आणि जांभई देतो.

रविवारीं नानांशीं दूरध्वनीवर चित्रासह बोलणें होतें. पडद्यावरचें तोंड मोत्याला ओळखूं येत नाहीं. आवाज ऐकला कीं दुमडलेला कान थोडा हालतो, आणि तो पडद्याच्या मागें जाऊन पाहतो. नाना आधीं त्याच्या लसीची तारीख विचारतात, मग सूनबाईंची रात्रपाळी, आणि वेळ उरला तर आम्हांला. बंडीचा वास हिंवाळ्यापर्यंत पार गेला असावा. सौभाग्यवतींनीं तिला तोंवर एकदांही पाणी लागूं दिलें नव्हतें. तरी मोत्या ती हुंगून बाजूला सारी आणि लांकडी जमिनीवर झोंपे. हें आम्हीं नानांना एकदां बोलण्याच्या ओघांत सांगितलें, आणि विसरलों.

जानेवारींत पुण्याहून एक ओळखीचे गृहस्थ लीड्सला आले. नानांनीं त्यांच्याबरोबर पुडकें दिलें होतें. मेतकूट, गोडा मसाला, सूनबाईंसाठीं आंवळ्याची सुपारी. आणि तळाशीं, खाकी कागदांत गुंडाळून दोऱ्यानें दोनदां बांधलेलें, कांहीं मऊसर. तें काढून देतांना त्या गृहस्थांचा चेहरा जरा अवघडला. “नाना म्हणाले, हें वरून घालूं नका, वास सुटेल,” ते म्हणाले. कागदावर नानांच्या सुवाच्य अक्षरांत लिहिलें होतें: ‘चि. मोत्यास. वापरलेली आहे. धुवूं नये.’

दोरा सोडण्यास आम्ही कात्री शोधूं लागलों. मोत्यानें तेवढा वेळ दिला नाहीं.